ताट चिकटत नाही, बाई

(अलिबाग येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या मालेत बोलायला या, असा निरोप आला तेव्हा कार्यकर्त्यांनी विषयाची मोकळीक दिली होती. शिक्षणावर काहीही बोला, म्हणाले. मी त्यांना विचारलं, तिसरी-चौथीच्या मुलांना पदार्थ आणि चुंबक कसं शिकवावं यावर तासभर बोलले तर चालेल का? ते जरा थांबले. एवढ्याशा विषयावर तासभर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असावं. पण प्राथमिक शाळेत तीस वर्षं काढल्यावर मला या विषयाइतका मोठा विषय दुसरा दिसत नाही, आणि त्यावर बोलायला अलिबागसारखं गाव नाही.

आपल्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. तिच्या फाटकावरून आपण रोज जातो. ती इथे कशी आली हे मात्र शाळेतल्या मुलांना क्वचितच सांगितलं जातं. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १ आणि २ सप्टेंबर १८५९ या दिवशी सूर्याकडून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या चुंबकसुया हलल्या, तेव्हाची कुलाब्याची नोंद अभ्यासक आजही उघडून बघतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं घाटू लागलं. तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते. ट्राम धावू लागली की कुलाब्याची सुई पृथ्वीचं सांगणं ऐकणार की ट्रामचं? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे हा प्रश्न होता. शोधाशोध होऊन अलिबाग ठरलं आणि १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळवता यावेत. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

या वेधशाळेच्या इमारतीत लोखंड चालणार नव्हतं. आपल्याकडचा काळा दगडही चालणार नव्हता, कारण त्यात चुंबकाकडे ओढले जाणारे कण असतात. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म, तोही पारखून, निवडून आणला. म्हणजे ही वेधशाळा बांधणाऱ्या मंडळींनी विटेपासून बिजागरीपर्यंत प्रत्येक जिनसेला एकच प्रश्न विचारला: तुझ्याने चुंबकाला काही होतं का? तिसरीतल्या मुलाच्या हातात मी चुंबक देते तेव्हा तो नेमकं हेच करतो. वर्गातल्या वस्तू एकेक करून तपासतो. काम तेच आहे, पद्धतही तीच आहे. म्हणून हा पोरखेळ आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. चुंबक आणि पदार्थ हे दोन वेगळे धडे आहेत असं आपण समजतो. पदार्थाचा धडा आधी येतो: स्थायू, द्रव, वायू, व्याख्या पाठ, तीन-तीन उदाहरणं पाठ. चुंबकाचा धडा पुढे कधीतरी येतो. आपल्या राज्यात सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘चुंबकाची गंमत’ म्हणून तो आहे. माझं म्हणणं असं की लहान मुलाला पदार्थाची ओळख करून द्यायची तर चुंबकाइतकं चांगलं साधन नाही आणि ते पहिलीपासूनच हातात द्यावं. डोळ्यांना रंग दिसतो, आकार दिसतो, चमक दिसते. हाताला वजन कळतं, गार-गरम कळतं. पण वस्तूच्या आत काहीतरी असतं जे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही आणि तरी ते खरं असतं, हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? निळा रंग लावलेली लोखंडी खुर्ची आणि निळीच प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही त्याला सारख्याच दिसतात. चुंबक लावलं की एक बोलते, दुसरी गप्प राहते. चुंबक हे मुलाच्या हातातलं पहिलं परीक्षायंत्र आहे.

शब्दांपासून सुरुवात करते, कारण आपली पहिली ठेच तिथेच लागते. ‘पदार्थ’ म्हटलं की मूल काय समजतं? मी दुसरीच्या वर्गात विचारलं होतं, तुम्हाला माहीत असलेले पदार्थ सांगा. शंकरपाळे, चकली, पोहे, घावन, मोदक. चाळीस मुलांच्या वर्गात एकानेही लाकूड किंवा लोखंड म्हटलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. घरात पदार्थ म्हणजे खायचाच. आपण शाळेत तोच शब्द घेऊन त्याला भलताच अर्थ देतो आणि मुलांना गोंधळलेलं म्हणतो. बरं, ‘द्रव्य’ म्हणावं तर ‘द्रव’ आणि ‘द्रव्य’ यांत एका यकाराचाच फरक. शुद्धलेखनात तो चुकतो तो चुकतोच, समजुतीतही चुकतो. ‘स्थायू’ हा तर असा शब्द आहे की तो परीक्षेबाहेर कुणी उच्चारत नाही.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. हे शब्द काही महिने बाजूला ठेवायचे आणि ‘वस्तू’ आणि ‘कशाची’ एवढ्या दोनच शब्दांवर काम भागवायचं. ही वस्तू कोणती? पळी. कशाची आहे? पितळेची. पितळेचं आणखी काय असतं? समई, घंटा, कुलूप. पळी आणखी कशाकशाची असते? लाकडाची, स्टीलची. एक वस्तू अनेक पदार्थांची होते आणि एका पदार्थाच्या अनेक वस्तू होतात, एवढं मुलाच्या बोलण्यात आलं की धड्याचा गाभा त्याला मिळाला. ‘पदार्थ’ हे नाव त्या अनुभवाला मग एका दिवसात चिकटतं.

अवस्थांचंही तसंच. आपल्या स्वयंपाकघराची भाषा या बाबतीत पुस्तकापेक्षा श्रीमंत आहे. तूप थिजतं, पाणी गोठतं, मेण वितळतं, साखर विरघळते, दूध आटतं, रस घट्ट होतो. साखर पाण्यात ‘वितळली’ असं शहरातली मुलं हल्ली सर्रास म्हणतात. साखर कढईत वितळते आणि चहात विरघळते, हा फरक ज्या आजीला बोलता येतो तिने पदार्थाचं अर्धं शास्त्र नातवाला शिकवलेलंच असतं. एकदा एका मुलाने मला विचारलं, रवा ओतता येतो, भांड्याचा आकार घेतो, मग रवा द्रव का नाही? प्रश्न उत्तम होता. आम्ही भिंग आणलं, रव्याचा एकेक दाणा पाहिला. ओतताना दाणा आपला आकार सोडत नव्हता. मग पाण्याचा थेंब पाहिला. उत्तर मी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. हवेला तर मुलं ‘काहीच नाही’ म्हणतात. पेल्याच्या तळाशी कागद कोंबून तो पालथा पेला बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबला आणि कागद कोरडा बाहेर आला, की ‘काहीच नाही’ने पाण्याला अडवलं कसं, यावर वर्गात जी भांडणं होतात ती मी होऊ देते. एक पथ्य पाळावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तेच पाणी उंच पेल्यात ओतल्यावर जास्त वाटतं. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हे दाखवून दिल्यालाही कितीतरी दशकं झाली. त्या वयात त्याला ‘चूक’ म्हणून उपयोग नसतो. पाणी परत पहिल्या पेल्यात ओतू द्यावं, दहा वेळा ओतू द्यावं.

आता खोक्याकडे येऊ. बुटाचं रिकामं खोकं घ्यावं आणि त्यात पंचवीस-तीस वस्तू टाकाव्यात: खिळा, गंजका खिळा, सुई, टाचणी, यू पिन, हेअरपिन, काचेची बांगडी, पितळी किल्ली, लोखंडी किल्ली, तांब्याच्या तारेचा तुकडा, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण, पत्र्याच्या डब्याचं झाकण, खडू, कोळसा, शिंपला, शेंगदाणा, खोडरबर, एक रुपयाचं नाणं, मिळालं तर जुनं दहा पैशांचं. चुंबक लगेच द्यायचं नाही. आधी अंदाज: चिकटेल ते डावीकडे, चिकटणार नाही ते उजवीकडे, आणि नक्की सांगता येत नाही ते मध्ये. हा मधला ढीग फार महत्त्वाचा आहे. आपल्या शाळांत मुलांना मध्ये काही ठेवायची परवानगीच नसते.

मग चुंबक द्यायचं आणि शिक्षकाने मागे सरकून ऐकायचं. मुलं नियम करतात. ‘चमकतं ते चिकटतं’ हा बहुतेक वेळा पहिला नियम असतो. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण तो मोडतं. मग ‘जड असतं ते चिकटतं’. पितळेचा अडकित्ता आणून ठेवला की तोही मोडतो. ‘काळं ते चिकटतं’ असं एकाने म्हटलं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर तवा असणार; कोळशाने त्याला थांबवलं. शेवटी कोणीतरी म्हणतं, धातू चिकटतात. इथे कित्येक शिक्षक ‘शाब्बास’ म्हणून धडा संपवतात आणि इथेच खरा घात होतो. तांब्याची तार धातूचीच आहे आणि ती हलत नाही. एक रुपयाचं नाणं चिकटतं, दहा पैशांचं नाही. मुलाने केलेला नियम दुसऱ्या वस्तूने मोडला, आणि तरी कोणी त्याला रागावलं नाही, हा अनुभव मला चुंबकाच्या सगळ्या गुणधर्मांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता या व्याख्यानाला जे नाव दिलं आहे त्याची हकीकत सांगते. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. तिसरीच्या चाचणीत मी एक चित्र दिलं होतं: चुंबकाला चिकटणाऱ्या वस्तूंना गोल करा. चित्रात खिळा, कात्री, पेन्सिल, फुगा आणि स्टीलचं ताट. एका मुलीने ताटाला गोल केला नाही. मी लाल शाईने फुली मारली. स्टील म्हणजे लोखंडच, लोखंड चिकटतं, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती दप्तरात घरचं ताट घेऊन आली. टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “ताट चिकटत नाही, बाई.”

मी वर्गातलं चुंबक घेतलं, ताटाच्या मध्यावर ठेवलं, ताट तिरपं केलं. चुंबक घसरलं. पुन्हा केलं, पुन्हा घसरलं. मग तिने ताट माझ्या हातातून घेतलं आणि चुंबक काठाजवळ, जिथे पत्रा वळवून कड काढलेली असते तिथे फिरवलं. तिथे हलकीशी ओढ होती. “इथे थोडं चिकटतं,” ती म्हणाली, “म्हणून मी गोल केला नाही, अर्धा कसा करायचा ते माहीत नव्हतं.”

त्या मुलीने रात्री घरी बसून जे केलं होतं ते मी शिक्षिका असून कधी केलं नव्हतं. मी वर्गासमोर सांगितलं की तिचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. फुली खोडली. पण असं का होतं, हे मला सांगता आलं नाही. “मला माहीत नाही, आपण शोधू,” हे वाक्य मी त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा उच्चारलं. ते उच्चारायला चार-पाच वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

उत्तर पुढे मिळालं आणि ते आजही मला थक्क करतं. चांगल्या प्रतीच्या ताटवाट्यांचं स्टील म्हणजे बहुतांशी लोखंड, त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. लोखंड चुंबकाला चिकटतं. निकेलही चिकटतं. आणि ही दोन्ही ज्यात आहेत ते स्टील चिकटत नाही! कारण निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचना बदलते, आणि चुंबकाची ओढ अणू कोणते आहेत एवढ्यावर ठरत नाही, ते कसे रचलेले आहेत यावरही ठरते. कारखान्यात पत्रा दाबून वळवला की वळणाच्या जागी ती रचना थोडी मोडते, थोडी जुन्या लोखंडासारखी होते, म्हणून काठाला हलकी ओढ. स्वस्त भांड्यांचं स्टील निकेलशिवायही करतात, ते सगळंच चिकटतं. आपलं एक रुपयाचं नाणं त्याच जातीच्या स्टीलचं आहे. म्हणजे त्या मुलीचा ‘अर्धा गोल’ हे पदार्थविज्ञानातलं बरोबर उत्तर होतं. चौकटीत ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्याच जागा होत्या, हा दोष माझ्या प्रश्नपत्रिकेचा होता.

हे सगळं तिसरीच्या मुलाला सांगायचं का? नाही. अणू, रचना, क्रोमियम यांतलं काही नको. त्याच्यापर्यंत एवढंच पोचावं की ‘स्टील’ या एका नावाखाली वेगवेगळे पदार्थ असतात आणि ते ओळखायला चुंबक उपयोगी पडतं. तीन वर्गमैत्रिणींनी घरोघरची भांडी तपासून तक्ता केला तर तो विज्ञानाचा प्रकल्प झाला. त्याला थर्माकोल आणि चकाकता कागद लागत नाही.

पुढचे खेळ भराभर सांगते, शिक्षक बसलेले आहेत त्यांच्यासाठी. यू पिनला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाला चिकटवा आणि वर टांगलेल्या चुंबकाखाली पिन अधांतरी उभी राहील असं अंतर ठेवा. मधल्या फटीत कागद, पिंपळाचं पान, वहीचा पुठ्ठा, तांब्याचा पत्रा सरकवा: पिन तशीच राहते. पत्र्याच्या डब्याचं झाकण सरकवा: पिन पडते. पदार्थांचे असे दोन गट मुलांना डोळ्यांनी दिसतात. चुंबकाची ताकद मोजायची असेल तर चुंबक आणि टाचणी यांच्यामध्ये वहीची पानं एकेक वाढवत जा आणि कितव्या पानाला टाचणी सुटते ते लिहा. पाचवीत गेल्यावर खिळ्याभोवती तार गुंडाळून सेल जोडू द्या. १८२० साली कोपनहेगनमध्ये शास्त्रज्ञ एर्स्टेड यांना तारेतल्या विजेने चुंबकसुई हलताना दिसली, त्याचाच हा घरगुती अवतार आहे आणि कुलाब्याच्या चुंबकसुईला मुंबई का सोडावी लागली ते मुलांना तिथे कळतं. आणि एक गोष्ट जी मोठ्यांनाही ठाऊक नसते: चिकटलं म्हणजे ते चुंबक आहे असं ठरत नाही, साधं लोखंडही चिकटतं. दूर ढकललं तर मात्र ते नक्की चुंबक. ओळख पटते ती ढकलण्यातून.

इथली मुलं तर भाग्यवान. पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवायचं. पिशवीला काळे बारीक कण दाढीसारखे उभे राहतात. पिशवी उलटून चुंबक काढून घेतलं की कण खाली पडतात. हे कण सह्याद्रीचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर थंड होत गेले तेव्हा त्यातल्या या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. विषुववृत्ताजवळ सुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी ती जमिनीत तिरपी होत जाते. म्हणून दगडातली दिशा वाचली की तो दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते कळतं. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या दगडात ही दिशा मोजली, आणि तो दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला जन्मला असं निघालं. आपली भूमी उत्तरेकडे सरकत आली याचा तो एक पुरावा ठरला. वेधशाळेच्या भिंतींत ज्या काळ्या दगडाला मज्जाव होता, त्याने एवढी मोठी गोष्ट जपून ठेवली होती. चौथीच्या मुलांना मी हे गोष्ट म्हणून सांगते. ती वाळू हातात घेऊन ऐकतात.

मुलं विचारतात, “पण ते ओढतं कशाने?” या प्रश्नापाशी शिक्षक घाबरतात आणि ‘चुंबकत्वामुळे’ असं सांगून मोकळे होतात. चुंबक चुंबकत्वामुळे ओढतं, हे सांगून आपण काय सांगितलं? वैशेषिक सूत्रांत सुई चुंबकमण्याकडे सरकते याचा उल्लेख आहे आणि तिथे कारण म्हणून ‘अदृष्ट’ असं म्हटलं आहे: न दिसणारं. मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. जे दिसत नाही त्याला त्यांनी न दिसणारं म्हटलं. अमेरिकेतले थोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना १९८३ साली दूरचित्रवाणीवर विचारलं गेलं की दोन चुंबकं एकमेकांना ढकलतात तेव्हा नेमकं काय होतं. त्यांनी बराच वेळ ‘का’ या प्रश्नाचंच स्वरूप समजावून सांगितलं आणि ओळखीच्या दुसऱ्या कशाची तरी उपमा देऊन वेळ मारून नेणं नाकारलं. नोबेल मिळालेला माणूस जर घाई करत नाही, तर आपण चौथीच्या वर्गात का करावी?

‘का’ला उत्तर नसेल तेव्हा ‘खरंच का?’ असा प्रश्न मुलांना देता येतो. युरोपात शेकडो वर्षं विद्वान लिहीत आले की चुंबकाला लसूण चोळला तर त्याची शक्ती जाते. इंग्लंडचे विल्यम गिल्बर्ट हे व्यवसायाने वैद्य. त्यांनी अशा ऐकीव गोष्टी स्वतः तपासल्या आणि १६०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या खोट्या ठरवल्या; चुंबकदगडाचा गोळा करून त्यावर सुई फिरवली आणि पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक आहे असं मांडलं. मी दरवर्षी वर्गात लसूण नेते. आधी हात वर करवते: शक्ती जाईल असं कोणाला वाटतं? बाईंनी लसूण आणलाय म्हणजे जातच असणार, असं मानून अर्धा वर्ग हात वर करतो. मग चोळतो, टाचण्या मोजतो. आधी अकरा, नंतरही अकरा. मोठ्यांनी लिहून ठेवलेलं, बाईंनी सुचवलेलंसुद्धा मोजून बघायचं असतं, हे त्या लसणाच्या वासाबरोबर मुलांच्या ध्यानात राहतं.

हे मी काही नवं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, खडे, पानं यांतूनच मुलांची साधनं उभी केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून सोळा शाळांत असं शिक्षण सुरू झालं की ज्याच्या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न होते, उत्तरं मुलांनी आपल्या वहीत लिहायची होती. तीस वर्षं चालून, शेकडो शाळांत पोचून, २००२ मध्ये ते सरकारने बंद केलं. याचं दुःख मला आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली, ती आज कोणालाही फुकट पाहता येतात. वाट मोकळी आहे. आपल्या वर्गांत मात्र चुंबक अजून कपाटात कुलूपबंद असतं, हरवेल म्हणून. तपासणीच्या दिवशी ते बाहेर येतं, आणि पडून पडून, तापून त्याची शक्ती गेलेली असते. हरवलेलं चुंबक मला परवडतं. कुलपातलं परवडत नाही.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. हल्ली खेळण्यांत आणि शोभेच्या वस्तूंत निओडिमियमची मण्याएवढी, अतिशय जोरदार चुंबकं येतात. मुलाने अशी दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडतं. हे जिवावर बेततं. ती लहान मुलांच्या हाती देऊच नयेत, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी दवाखाना गाठावा. शाळेसाठी जुन्या स्पीकरमधलं मोठं, काळं, कड्याच्या आकाराचं चुंबक सगळ्यात चांगलं. ते गिळता येत नाही, हातात मावतं आणि भंगारात पडलेलं असतं.

गुरुजींचं कपाट मी एकदा पाहिलं होतं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर त्यांच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या होत्या: बिया, पिसं, दगड, तारा, किल्ल्या. सगळ्यात खालच्या खोक्यावर लिहिलं होतं ‘माहीत नाही’. त्यात मुलांनी आणलेल्या आणि गुरुजींना ओळखता न आलेल्या वस्तू होत्या.

माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. आपल्या घरात माळ्यावर बंद पडलेला रेडिओ, टेप किंवा स्पीकर असेल. तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यातलं चुंबक काढून घ्या; स्वतःला जमत नसेल तर गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. कार्यकर्त्यांना मी विनंती केली होती त्याप्रमाणे सभागृहाच्या दाराशी एक खोकं ठेवलं आहे आणि ते महिनाभर तिथेच राहील. जमलेली चुंबकं तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, प्रत्येक वर्गाला एक, अशी मी स्वतः नेऊन देणार आहे. वर्गाला देणार आहे, कपाटाला नाही.